तिरपागड्या गाड्या, उडती यंत्रं आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बीएमडब्ल्यू इसेटावर लिहिलं होतं, म्हणजे ती १९५० च्या दशकातली छोटीशी गाडी जिचं एकच दार आणि तेही पुढून उघडतं, आणि शेवटी सहज विचारलं होतं की आणखी कुठल्या विचित्र गाड्यांबद्दल, किंवा एकट्या माणसानं उडवायच्या यंत्रांबद्दल वाचायला आवडेल. पत्रं आणि मेल मिळून ढीग झालाय. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे हात आखडता घेतलेला नाही.

प्रश्न: इसेटाचं दार पुढून उघडतं तर स्टिअरिंग आडवं येत नाही का? आणि भिंतीला नाक लावून पार्क केली तर आतला माणूस अडकणार ना? (गॅरेज चालवणारे वाचक, विक्रोळी)

स्टिअरिंग दारालाच बसवलंय हो! स्टिअरिंगच्या दांड्याला खाली युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकणारा सांधा, दिलाय, त्यामुळे दार उघडलं की स्टिअरिंग आणि मीटरची पट्टी दोन्ही दाराबरोबर बाहेर झुलतात आणि तुम्ही सरळ उभ्या उभ्या आत पाऊल टाकून बसता. दार ओढून घेतलं की स्टिअरिंग आपोआप हातात. ही कल्पना मूळ इटलीतल्या इसो कंपनीची, जी आधी फ्रिज बनवायची. बीएमडब्ल्यूनं १९५५ पासून त्यात आपलं मोटरसायकलचं इंजिन टाकून ती जर्मनीत बनवली आणि दीड लाखाच्या वर गाड्या विकल्या. त्या काळात बीएमडब्ल्यूची मोठी महागडी मॉडेल्स तोट्यात चालली होती, त्यामुळे कंपनी तगली त्यात ह्या पिटुकल्या गाडीचा मोठा हात आहे.

अडकण्याची शंका अगदी बरोबर. त्यासाठी वरचं छत कापडी ठेवलं होतं, दार उघडलं नाही तर छत मागे सारून बाहेर यायचं. इंग्लंडमध्ये तीनचाकी मॉडेल मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता यावं म्हणून त्यातला रिव्हर्स बंद करून विकायचे, तिथे भिंतीला नाक लावण्याआधी माणसाला दोनदा विचार करायला लागत असणार.

रिव्हर्सचा विषय निघालाच आहे तर तुमच्यासारख्या मेकॅनिक माणसाला मेसरश्मिट केआर२०० ची गंमत सांगायलाच पाहिजे. महायुद्धानंतर जर्मनीत विमानं बनवायला बंदी आली आणि मेसरश्मिट ह्या फायटर विमानांच्या कंपनीकडे कारखाना होता, कारागीर होते, काम नव्हतं. फ्रिट्झ फेंड नावाचा इंजिनिअर तेव्हा जखमी सैनिकांसाठी छोट्या तीनचाकी गाड्या करत होता, त्यातूनच पुढे ही गाडी आली. एकापाठी एक दोन सीट, वर विमानासारखं काचेचं झाकण, आणि गोल स्टिअरिंगऐवजी विमानात असतो तसा दांडा. इंजिन १९१ सीसीचं टू-स्ट्रोक. आणि रिव्हर्स गिअर नाहीच! इंजिन बंद करायचं, चावी आणखी आत दाबून पुन्हा स्टार्ट मारायचा, की इंजिन उलटं फिरायला लागतं. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि मिटतो, त्यामुळे त्याला सरळ काय आणि उलटं काय सारखंच, फक्त स्पार्क योग्य क्षणी पडावा म्हणून पॉइंटचा दुसरा सेट लागतो. म्हणजे पुढे जायला चार गिअर तर मागे जायलाही चार. एका वेगळ्या गिअरचं वजन आणि खर्च वाचवायला केवढं डोकं चालवलंय बघा!

आणि हे पण ज्याला जड वाटलं त्यानं पील पी५० बनवली. आइल ऑफ मॅन बेटावर, १९६२ ते १९६५. लांबी १३७ सेंटिमीटर, रुंदी ९९, वजन ५९ किलो, इंजिन ४९ सीसी. रिव्हर्स कुठल्याच प्रकारचा नाही. मागे एक हँडल आहे, उतरायचं, हँडल धरायचं, उचलून गाडी वळवायची. जगातली सगळ्यात छोटी प्रॉडक्शन कार म्हणून तिचं नाव गिनीजमध्ये आहे.

मला ह्या तिन्ही गाड्या इतक्या का आवडतात तर त्यांचा प्रत्येक विचित्रपणा कुठल्यातरी अडचणीतून आलाय. पैसे नव्हते, पत्रा नव्हता, पेट्रोल महाग होतं, १९५६ ला सुएझ कालवा बंद पडल्यावर तर फारच. नुसतं वेगळं दिसायचं म्हणून काढलेला आकार आणि असा नाइलाजानं आलेला आकार यातला फरक गाडीजवळ दोन मिनिटं उभं राहिलं की कळतो.

प्रश्न: माझे बाबा तीस वर्षं रिक्षा चालवतात. तुमच्या विचित्र गाड्यांच्या यादीत रिक्षा बसते का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कुर्ला)

बसते म्हणजे काय, पहिल्या पाटावर बसते. आणि तुमच्या बाबांना हे नक्की सांगा की ज्या माणसाच्या डोक्यातून ह्या सगळ्याचं मूळ निघालं तो हेलिकॉप्टर बनवणारा होता.

कोरादिनो दास्कानिओ त्याचं नाव, इटालियन. १९३० मध्ये त्याच्या हेलिकॉप्टरनं रोमजवळ चाम्पिनोला तीन जागतिक विक्रम केले, १८ मीटर उंच, १०७८ मीटर लांब, आणि पावणेनऊ मिनिटं हवेत. आज आकडे छोटे वाटतील, पण तेव्हा बहुतेकांची हेलिकॉप्टरं जमिनीवरच आडवी होत होती. युद्ध संपल्यावर पिआजिओ कंपनीनं त्याला सांगितलं लोकांसाठी स्वस्त दुचाकी बनव. त्याला मोटरसायकल मुळीच आवडायची नाही, टांग टाकून बसायला लागतं, चेनचं तेल कपड्यांना लागतं, चाक पंक्चर झालं की काढायला वैताग. मग त्यानं विमानवाल्याच्या डोक्यानं विचार केला आणि १९४६ ला व्हेस्पा आली. पुढचं चाक दोन्हीकडून फोर्कमध्ये धरण्याऐवजी एकाच बाजूनं धरलं, विमानाच्या लँडिंग गिअरसारखं, म्हणजे नट सोडले की चाक बाजूनं निघतं. दोनच वर्षांत ह्याच व्हेस्पाच्या मागे दोन चाकं लावून माल वाहायचं तीनचाकी वाहन काढलं, त्याचं नाव आपे. आपल्याकडे बजाजनं पिआजिओच्याच लायसन्सवर व्हेस्पा आणि तीनचाकी बनवायला सुरुवात केली आणि तिथून आपली ऑटोरिक्षा आली.

आता बाबांच्या रिक्षाचं पुढचं चाक खाली वाकून बघा. एकाच बाजूच्या हातानं धरलेलं दिसेल, दुसरी बाजू मोकळी. स्टिअरिंगऐवजी स्कूटरचा हँडल आहे, गिअर डाव्या मुठीत आहेत, आणि तिन्ही चाकं एकाच मापाची, त्यामुळे एक स्टेपनी कुठेही चालते. सायनच्या पुलाखाली पाणी साचलेलं असताना, मागे तीन माणसं आणि एक गॅसचा सिलिंडर घेऊन, एवढ्याशा चाकांवर ती ज्या काटकोनात वळते ते दुसऱ्या कुठल्याही गाडीला जमणार नाही. मुंबईत ती वांद्रे आणि सायनच्या अलीकडे येत नाही म्हणून दक्षिण मुंबईच्या लोकांना तिची किंमत कमी कळते असं माझं स्पष्ट मत आहे.

ह्याच घराण्यातली धाकटी म्हणजे बजाज क्यूट. चार चाकं, गोल स्टिअरिंग, पण २१६ सीसीचं एकच सिलिंडर आणि वेग ७० च्या आसपास. कायद्यानं ती कार पण नाही आणि रिक्षा पण नाही, तिच्यासाठी क्वाड्रिसायकल असा वेगळा वर्ग करायला लागला आणि खासगी वापराला परवानगी मिळेपर्यंत २०१८ उजाडलं.

प्रश्न: उडणाऱ्या गाडीचे व्हिडिओ रोज दिसतात. खरंच उडतात का? आणि खऱ्या असतील तर मग रस्त्यावर का नाहीत? (आयटीतले वाचक, ठाणे)

खऱ्या आहेत, आणि आजच्या नाहीत, आजोबांच्या काळातल्या आहेत. अमेरिकेत मोल्ट टेलर नावाच्या माणसाची एअरोकार १९४९ ला उडली. १९५६ ला तिला सरकारी प्रमाणपत्र पण मिळालं, म्हणजे कायदेशीर विमान आणि कायदेशीर गाडी. पंख आणि शेपूट काढून, दुमडून, ट्रेलरसारखे मागे लावून ओढायचे, एकटा माणूस पाच मिनिटांत हे करू शकायचा. एकूण सहाच बनल्या, कारण कारखाना उभा राहायला जेवढ्या आगाऊ ऑर्डर लागत होत्या तेवढ्या आल्याच नाहीत.

अलीकडची सगळ्यात पटणारी म्हणजे स्लोव्हाकियाच्या श्टेफान क्लाइनची एअरकार. २८ जून २०२१ ला ती नित्राहून उडाली, ३५ मिनिटांत ब्रातिस्लाव्हाला उतरली, धावपट्टीवरच पंख मिटले आणि क्लाइन तीच गाडी चालवत शहरात गेला. पंख मिटायला सव्वादोन मिनिटं. इंजिन बीएमडब्ल्यूचं १.६ लिटर पेट्रोल, म्हणजे आपल्या घरच्या गाडीएवढंच. जानेवारी २०२२ ला तिकडच्या सरकारनं उड्डाणयोग्य असल्याचं प्रमाणपत्र दिलं, त्याआधी ७० तास चाचण्या आणि दोनशेच्या वर टेकऑफ-लँडिंग. नेदरलँड्सची पाल-व्ही वेगळ्या वाटेनं गेली, ती जायरोकॉप्टर आहे. वरचा मोठा पंखा इंजिनवर फिरत नाही, गाडी पुढे गेली की वाऱ्यानं आपोआप फिरतो आणि उचलतो. इंजिन बंद पडलं तरी पंखा फिरत राहतो आणि यंत्र हळूहळू खाली येतं. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वानं १९२३ ला हे उडवून दाखवलं होतं.

मग अडलं कुठे? वजनावर. गाडीला काय लागतं बघा, बंपर लागतो, दारात लोखंडी पट्ट्या लागतात, एअरबॅग, जाड काचा, खड्डे सोसणारं सस्पेन्शन, चार दणकट चाकं. ह्यातली एकही गोष्ट हवेत कामाची नाही, उलट प्रत्येक किलो उचलायला इंजिनला दाम मोजायला लागतो. आणि विमानाला लागणारे पंख, शेपूट, प्रोपेलर रस्त्यावर नुसतं ओझं, वरून कुणीतरी पार्किंगमध्ये धक्का मारला आणि पंखाच्या सांध्याला चीर गेली तर ती डोळ्यांना दिसणार पण नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच सांध्याच्या भरवशावर हजार मीटरवर असणार. म्हणून ज्या उडत्या गाड्या खरोखर उडतात त्या बघितल्या तर ती विमानंच आहेत ज्यांना रस्त्यानं घरापर्यंत यायची सोय आहे. धावपट्टी लागतेच, पायलटचं लायसन्स लागतंच. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून वर उचलून निघून जाऊ असं ज्यांच्या मनात आहे त्यांना ही गाडी नाही, आणि हे मी निराश होऊन लिहीत नाहीये, सव्वादोन मिनिटांत पंख मिटणारं यंत्र एका माणसानं दशकानुदशकं खपून बनवलं ह्याचंच मला इतकं अप्रूप आहे की ट्रॅफिक चुकवण्याचा हिशोब मला महत्त्वाचा वाटतच नाही.

प्रश्न: जेटपॅक विकत घेऊन बोरिवली ते चर्चगेट जाता येईल का? विरार लोकलला कंटाळलेलो आहे. (वाचक, बोरिवली)

अंतर तुम्ही फार छान निवडलंत. बोरिवली ते चर्चगेट रेल्वेनं साधारण ३४ किलोमीटर, आणि इंग्लिश खाडीची सगळ्यात अरुंद जागाही साधारण तेवढीच, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका माणसानं खरंच देऊन ठेवलंय.

फ्रँकी झापाटा, फ्रेंच. पायाखाली एक फळी, तिच्यात छोटी जेट इंजिनं, पाठीवरच्या पिशवीत रॉकेलच्या जातीचं इंधन, हातात एक रिमोट. २५ जुलै २०१९ ला निघाला आणि मध्ये इंधन भरायला बोटीवर उतरताना समुद्रात पडला. ४ ऑगस्टला पुन्हा निघाला आणि २२ मिनिटांत पलीकडे. पण मध्ये एकदा बोटीवर उतरून पाठीवरची पिशवी बदलायलाच लागली. म्हणजे तुम्हाला अंधेरीला थांबून इंधन भरायला लागेल!

आता हे इतकं का पितं ते समजून घेण्यासारखं आहे. हवेत तरंगायचं तर हवा खाली ढकलायला लागते. भरपूर हवा हळू ढकलली तर काम स्वस्तात होतं, थोडी हवा प्रचंड वेगानं ढकलली तर तेवढाच जोर मिळवायला कितीतरी जास्त ताकद जाते. घरातला सीलिंग फॅन पूर्ण खोलीला वारा घालतो आणि केस वाळवायचं मशीन त्याच्या वीसपट वीज खाऊन एवढ्याशा जागेत फुंकतं, तोच हिशोब. रॉबिन्सन आर२२ ह्या छोट्या हेलिकॉप्टरचा पंखा साडेसात मीटरहून मोठा असतो, म्हणून दोन माणसांसकट ६२२ किलो वजन ते सव्वाशे-एकशेतीस हॉर्सपॉवरमध्ये उचलतं. ब्रिटनच्या रिचर्ड ब्राउनिंगचा जेट सूट, दोन्ही हातांना आणि पाठीवर मिळून पाच छोटी टर्बाइन, तो एकट्या माणसाला उचलायला हजार हॉर्सपॉवरच्या वर लागतात असं त्याची कंपनीच सांगते, आणि उडण्याचा वेळ तीन-चार मिनिटं. पूर्वीचं तर त्याहून भारी. बेल कंपनीचा रॉकेट बेल्ट २० एप्रिल १९६१ ला पहिल्यांदा मोकळा उडाला, हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ करून, आणि त्यात इंधन पुरायचं २० सेकंदांच्या आसपास. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला स्टेडिअममध्ये उतरला होता तो माणूस असाच रॉकेट पट्टा बांधून, टीव्हीवर ज्यांनी बघितलं त्यांना आठवत असेल.

विजेवरची पण आलीत. स्वीडनमध्ये सुरू झालेली जेटसन वन, आठ मोटर, एक सीट, उडायचा वेळ साधारण २० मिनिटं. अमेरिकेत ११५ किलोच्या आतलं एकसीटी अल्ट्रालाइट पायलट लायसन्सशिवाय उडवता येतं, पण तिथेही दाट वस्तीवरून नाही. आपल्याकडे मायक्रोलाइटलाही डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, नोंदणी लागते, आणि मुंबईत सांताक्रूझचा विमानतळ, जुहू, कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ, तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र, एवढं सगळं असल्यावर आकाशात खासगी माणसाला जागा उरत नाही. मुंबई पोलीस वेळोवेळी पॅराग्लायडर, ड्रोन, हॉट एअर बलून सगळ्यावर बंदीचा आदेश काढतातच. उडायचीच हौस असेल तर लोणावळ्याच्या पुढे कामशेतला पॅराग्लायडिंग शिका. इंजिन नाही, आवाज नाही, पाठीवर मावणारं यंत्र, आणि डोंगरावरून वर चढणाऱ्या हवेवर तुम्ही झापाटापेक्षा कितीतरी जास्त वेळ वर राहाल.

प्रश्न: पाण्यात चालणारी गाडी हिंदमाताला घेऊन जाता येईल का? (वाचक, परळ)

अँफिकार ७७० म्हणायचं असेल तुम्हाला. जर्मनीत १९६० च्या दशकात बनली, चार हजाराच्या थोड्या आत. नावातच वेग आहे, रस्त्यावर ७० मैल आणि पाण्यात ७. मागे दोन प्रोपेलर, आणि वळायला पुढची चाकंच सुकाणूचं काम करतात. १९६५ ला दोन अँफिकार इंग्लिश खाडी पार करून गेल्या होत्या. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे एक होती आणि ते पाहुण्यांना बसवून ब्रेक गेला असं ओरडत तलावात घालायचे. पण दार नीट सील झालं पाहिजे, पाण्यातून काढल्यावर ठिकठिकाणी ग्रीस भरायला लागायचं, आणि गंजानं कितीतरी गेल्या.

हिंदमाताला मात्र नको. तिथे पाणी तरंगायला पुरेल इतकं खोल एकसारखं नसतं, खाली डिव्हायडर, दगड, आणि उघडं मॅनहोल असेल तर प्रोपेलर जाईलच पण मदतीला उतरणारा माणूसही जाईल. गुडघ्याच्या वर पाणी दिसलं की गाडी कुठलीही असो, मागे फिरवा.

प्रश्न: राइट बंधूंच्या आधी आपल्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं हे लहानपणापासून ऐकत आलोय. तुमचं मत काय? (निवृत्त शिक्षक, गिरगाव)

सर, तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. तळपदे खरे होते, मुंबईचे होते, संस्कृतचे अभ्यासक होते आणि विमानाच्या ध्यासानं त्यांनी स्वतःचं आयुष्य खर्ची घातलं, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांचं 'मरुत्सखा' हे विमान उडालं याचा त्या काळातला छापील, खात्रीचा पुरावा आजवर समोर आलेला नाही. जे सांगितलं जातं ते बरंचसं नंतरच्या लेखनातून येतं. राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाचा फोटो आहे, तार आहे, डायरीतली नोंद आहे, १२ सेकंद आणि १२० फूट एवढंसंच ते उड्डाण, पण मोजलेलं. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ज्या 'वैमानिक शास्त्र' ह्या ग्रंथाचा आधार दिला जातो त्याचा अभ्यास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या (आयआयएससी) पाच जणांनी १९७४ ला केला आणि ते लेखन विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे आणि त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत असं दाखवलं. म्हणून मी तो दावा करत नाही, आणि मुलांनाही करायला सांगत नाही.

मुंबईला अभिमान वाटावा असं नोंदीतलं भरपूर आहे हो. जुहूचा विमानतळ १९२८ चा, त्याच साली बॉम्बे फ्लाइंग क्लब. जेआरडी टाटांना भारतातलं पहिलं पायलट लायसन्स १० फेब्रुवारी १९२९ ला मिळालं, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पुस मॉथ ह्या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून जुहूला उतरले. आणि आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव, ज्यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. गच्चीवर! पत्रा, रिव्हेट, इंजिन सगळं वर चढवायचं, पावसाळ्यात झाकून ठेवायचं, आणि बांधून झाल्यावर ते खाली आणायचं. २०१६ ला बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी ते बघितलं, डीजीसीएची नोंदणी मिळायला अनेक वर्षं गेली, ती २०१७ ला मिळाली आणि मग धुळ्याला ते विमान उडालं. मला विचाराल तर गिरगावच्या शाळेत मुलांना ही गोष्ट सांगा, कारण ह्यातला प्रत्येक टप्पा कागदावर आहे.

प्रश्न: तुमच्या मते आजवरची सगळ्यात विचित्र गाडी कोणती? (वाचक, दादर)

आपल्या देशातली हवी असेल तर कोलकात्याची हंस गाडी. तिथे राहणाऱ्या मॅथ्यूसन नावाच्या श्रीमंत इंग्रज इंजिनिअरनं १९१० ला इंग्लंडच्या ब्रुक कंपनीकडून बनवून घेतली. पुढे हंसाची मान आणि डोकं, डोळ्यांत दिवे, आणि चोचीतून गरम पाण्याची वाफ सोडायची सोय, रस्ता मोकळा करायला. रस्त्यावर इतका गोंधळ उडाला की पोलिसांनी ती बंद करायला लावली. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आता नेदरलँड्समध्ये हेगच्या लाउमन म्युझिअममध्ये आहे.

पण मनापासून विचाराल तर माझं मत फ्रान्सच्या मार्सेल लेयाच्या हेलिकाला. पंख नसलेलं विमानच म्हणा, नाकावर मोठा लाकडी प्रोपेलर, तो हवा कापतो आणि गाडी पुढे ओढली जाते, गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, वळायला मागची चाकं. साधारण तीसच बनल्या, आणि १९२७ ला त्यातली एक मोंल्हेरीच्या ट्रॅकवर १७० किलोमीटरच्या वेगानं धावली. प्रोपेलरला जाळी होती, तरी गर्दीच्या रस्त्यावर समोर फिरतं पातं घेऊन जायचं म्हणजे धोकाच, म्हणून ती चालली नाही ते योग्यच झालं. पण गाडी म्हणजे चाकाला इंजिन जोडायचंच, हे त्यानं गृहीत धरलं नाही, ते मला फार आवडतं.

प्रश्न: मी स्वतः भंगारातून चारचाकी बनवतोय. आरटीओत पासिंग होईल का? (आयटीआयचा विद्यार्थी, भांडुप)

मित्रा, आधी शाबासकी, मग वाईट बातमी. तयार गाडीत सुद्धा कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपात मनानं बदल करायला मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे मनाई आहे आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच बजावलं. नवीन मॉडेल रस्त्यावर आणायचं तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्या करून घ्यायला लागतात, ब्रेक, दिवे, धूर सगळं, आणि तो खर्च एका गाडीसाठी परवडत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांचं तुला माहीत असेल. भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, खर्च साठ हजारांच्या आसपास, २०२१ च्या शेवटी तिचा व्हिडिओ गाजला आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. गाडी नियमात बसत नाही हे महिंद्रांनी तेव्हाच सांगितलं होतं, पण हुन्नर ओळखला. आणि त्याच्या कितीतरी आधी इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी होते, १९४९ च्या सुमारास त्यांनी 'मीरा' नावाच्या छोट्या स्वस्त गाडीचा पहिला नमुना केला, मग पुढची कितीतरी वर्षं सुधारत राहिले, कारखाना काही उभा राहिला नाही. नॅनो लोकांसमोर यायच्या जवळजवळ साठ वर्षं आधीची ही गोष्ट आहे, आणि आपल्याच माणसांना ती माहीत नसते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तू काय कर, गाडी पूर्ण कर पण खासगी मोकळ्या जागेतच चालव, आणि कॉलेजच्या टीममधून बाहा एसएई इंडिया किंवा फॉर्म्युला भारत ह्या स्पर्धांत उतर. तिथे मुलं स्वतः वेल्डिंग केलेली गाडी आणतात, परीक्षक चॅसीचा एकेक जोड तपासतात, ब्रेक मारल्यावर चारही चाकं लॉक होतात का बघतात. वेल्डिंगचा पाइप किती जाडीचा घ्यायचा, रोल केज कसा बांधायचा हे त्यांच्या नियमपुस्तिकेत लिहिलंय, ते आत्ताच वाच आणि तुझ्या गाडीला लाव. ब्रेकचं काम मात्र भंगारातल्या पार्टवर करू नकोस, नवीनच घे.

प्रश्न: मुंबईत एअर टॅक्सी कधी? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

२०२३ ला इंडिगोच्या मालक कंपनीनं अमेरिकेच्या आर्चर ह्या एअर टॅक्सी बनवणाऱ्या कंपनीबरोबर दिल्ली, मुंबई, बेंगळुरूची घोषणा केली आणि २०२६ साल सांगितलं होतं. मद्रास आयआयटीतून निघालेली ई-प्लेन आणि बेंगळुरूची सरला एव्हिएशन, जिचं नाव १९३६ ला लायसन्स मिळवणाऱ्या सरला ठकराल ह्यांच्यावरून ठेवलंय, ह्या दोघी आपल्याकडे काम करताहेत. पण २०२४ ला जर्मनीच्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर दोन्ही दिवाळखोरीत गेल्या. ह्या टॅक्सी उडणार बॅटरीवर, आणि खरी अडचण तिथेच आहे. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२,००० वॉट-तास ऊर्जा असते आणि एक किलो चांगल्या बॅटरीत अडीचशे-तीनशे. इंजिनात बरीच वाया जाते हे धरलं तरी फरक मोठा राहतो. त्यामुळे तारखांवर मी विश्वास ठेवत नाही, बॅटरीचा आकडा बघतो.

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला हे सगळं प्रत्यक्ष कुठे दाखवू? (आई, मुलुंड)

मुंबईतच सुरुवात करा ताई. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर, तिथे बागेत भारतात बनलेलं मरुत हे लढाऊ विमान ठेवलंय, मुलांना त्याच्या अगदी जवळ जाता येतं. आणिक डेपोत बेस्टचं म्युझिअम आहे, ट्रामपासूनचा इतिहास. हिवाळ्यात व्हिंटेज कारची रॅली निघते, बहुतेकदा हॉर्निमन सर्कलवरून, सकाळी लवकर गेलात तर गाड्या सुटायच्या आधी उभ्या असतात आणि मालक मुलांना बोनेट उघडून दाखवतात, तेव्हा गर्दीही कमी असते. सुट्टीत बाहेर जाणार असाल तर गोव्याला बोगमाळोजवळ नौदलाचं विमान म्युझिअम, अहमदाबादला कठवाड्याचं ऑटो वर्ल्ड, आणि हैदराबादला सुधा कार्स म्युझिअम, जिथे बूट, क्रिकेटची बॅट, बर्गर अशा आकाराच्या खऱ्या चालणाऱ्या गाड्या आहेत. आठ वर्षांच्या मुलासाठी मी हैदराबादच पहिलं घेईन. निघायच्या आधी म्युझिअमची सुट्टी कुठल्या वारी असते ते फोन करून विचारून घ्या.